ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं प्रेशर तपासताना: गेज कुठे लावायचा, आकडा कसा वाचायचा

मी आयुष्यातला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलला, तो उगाचच खोलला. गाडी गरम झाली की डी मध्ये रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं मागाहून सावकाश निघायची. क्लच प्लेटी गेल्या, असं मी ठरवूनच टाकलं. दोन दिवस खपून गिअरबॉक्स उतरवला, प्लेटी बदलल्या, परत चढवला. गाडी जशी होती तशीच! मग हाताखाली घेऊन मला शिकवणाऱ्या मिस्त्रींनी एक गेज जोडला. आयडलला सुई तीन किलोच्याही (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाबाच्याही) खाली थरथरत होती. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचा तेलाचा ट्रे, उतरवला तेव्हा दिसलं, की फिल्टरच्या मानेवरचं रबरी सील एका बाजूला कापलं गेलंय आणि पंप तेलाबरोबर हवाही ओढतोय. "गेज आधी लावला असतास तर अर्ध्या तासाचं काम होतं," एवढंच ते म्हणाले.

प्रेशर तपासायचं म्हणजे गेज जोडून एक आकडा वाचायचा, असं वाटतं. पण तेल किती गरम होतं, इंजिन किती आरपीएमवर होतं आणि लिव्हर कुठे होता, या तीन गोष्टी शेजारी लिहिल्या नसतील तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. आणि सगळं नीट लिहिलेलं असेल, तर एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलका असतो.

आत नेमकं काय चालतं

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप गिअरबॉक्सच्या तोंडाशीच असतो आणि बहुतेक रचनांत कन्व्हर्टरची मान त्याला फिरवते. इंजिन चालू आहे तोवर पंप चालू. पंप गरजेपेक्षा जास्त तेल ढकलतो. जास्तीचं तेल परत वळवून दाब ठरावीक ठेवायचं काम प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्हकडे असतं. या व्हॉल्व्हच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला तेलाचा दाब. स्प्रिंगच्या मदतीला आणखी एक दाब येतो, तो इंजिनावरच्या लोडप्रमाणे बदलतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये तो थ्रॉटलच्या केबलमधून किंवा व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून येतो, नव्यांत कंप्युटरच्या हुकमानुसार चालणाऱ्या प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधून. अशा रीतीने जो मुख्य दाब तयार होतो तो लाइन प्रेशर. क्लच दाबणं, बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) आवळणं, व्हॉल्व्ह बॉडीतले व्हॉल्व्ह सरकवणं, हे सगळं त्याच्यावर चालतं.

थोडा दाब कमी झाल्याने एवढं काय बिघडतं, याचा एक हिशेब करून पाहू. क्लचच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरा. ५ किलो दाबाला पिस्टनवर ५०० किलोचा जोर येतो. त्यातला समजा १०० किलो परत ढकलणाऱ्या स्प्रिंगला दाबण्यातच जातो, म्हणजे प्लेटींना मिळाला ४०० किलो. आता दाब ४ किलोवर आला. जोर ४००, स्प्रिंगचे १०० वजा, उरले ३००. दाब २० टक्के घटला, पण प्लेटींची पकड २५ टक्के घटली. शिवाय स्लिप झालेल्या प्लेटी तापतात, तापल्या की जळतात, आणि त्यांचा भुगा फिल्टरमध्ये जाऊन दाब आणखी पाडतो. एकदा सुरू झालेलं हे चक्र आपोआप थांबत नाही.

पुढे जाण्याआधी गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे ते नक्की करा. इथे सांगतोय ती पद्धत टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सची. सीव्हीटीमध्ये, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, पट्टा आवळायला लागणारा दाब याच्या कितीतरी पट असतो. नेहमीचा २० बारचा गेज तिथे लावला तर तो फुटेल, आणि गरम तेलासकट फुटेल. एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि लिव्हर हलवायला त्याला बाहेरून यंत्रणा बसवलेली असते. त्याला ही तपासणी लागू नाही. ड्युअल क्लचवाल्यांची रीत त्यांच्या-त्यांच्या मॅन्युअलमध्ये पाहावी.

गेजला हात लावायच्या आधी

पहिलं तेल. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागेवर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, मग पी मध्ये आणून काडी बघायची. बहुतेक गाड्यांची रीत ही. पण काहींमध्ये लिव्हर एन मध्ये ठेवून बघतात, काहींमध्ये इंजिन बंद करून लगेच. काडी नसलेल्या गिअरबॉक्समध्ये खालचा लेव्हल प्लग उघडून, स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहत लेव्हल ठरवावी लागते. ते तापमान अनेकदा ४० अंशांच्या जवळपास असतं, म्हणजे तेल नुसतं कोमट असताना. नक्की आकडा मॅन्युअलमधून घ्या.

लेव्हल कमी असली तर पंप हवा ओढतो हे कुणालाही पटतं. जास्त असली तरी तेच होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. फिरते भाग तेलात बुडून ते घुसळतात, फेस होतो आणि फेस दाबला जातो. काडीवर बारीक बुडबुडे दिसले तर आधी लेव्हल ठीक करा, तपासणी नंतर.

काडीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाच मिनिटं ठेवा. लालसर आणि पारदर्शक डाग पसरला तर ठीक. मध्यभागी काळा ठिपका राहिला आणि वास करपट आला तर प्लेटी झिजल्या आहेत. मग प्रेशर चांगलं निघालं तरी गिअरबॉक्स खोलावा लागणारच. गुलाबी, दुधासारखं तेल म्हणजे त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. अशा वेळी तपासणी वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी रेडिएटरमधला ऑईल कूलर पाहावा.

दुसरं, स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा. गिअरबॉक्स लिंप मोडमध्ये (बिघाड दिसल्यावर कंप्युटर कामापुरतं चालू ठेवतो त्या अवस्थेत) गेलेला असेल तर बहुतेक रचनांमध्ये कंप्युटर लाइन प्रेशर सर्वांत वर नेऊन ठेवतो. अशा अवस्थेत मोजलेलं प्रेशर बघून रेग्युलेटर अडकला असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत.

तिसरं, जुनी गाडी असेल तर थ्रॉटलची केबल आणि व्हॅक्यूमची नळी. केबल सैल तर दाब कमी, जास्त ताणलेली तर दाब जास्त. व्हॅक्यूमचं उलट चालतं. मॉड्युलेटरला व्हॅक्यूम कमी पोहोचला, की गिअरबॉक्सला वाटतं इंजिनावर मोठा लोड आहे आणि तो दाब वाढवतो. मॉड्युलेटरची नळी काढून आत बोट फिरवा. बोटाला लाल तेल लागलं तर आतला पडदा फाटलाय. एक्झॉस्टमधून पांढरट धूर आणि गिअरबॉक्सचं तेल हळूहळू गायब, तेही गळतीचा डाग जमिनीवर नसताना, ही दोन्ही लक्षणं त्याचीच.

इंजिनाची आयडलिंगही बघून घ्या. इंजिन चारशे-पाचशे आरपीएमवर धडधडत असेल तर पंपही तेवढाच हळू फिरणार, त्याचा दोष गिअरबॉक्सला देऊन उपयोग नाही.

गेज, नळी आणि आट्यांची फसवणूक

गेज असा निवडावा की अपेक्षित आकडा डायलच्या मधल्या एक-तृतीयांश भागात पडेल. जुन्या तीन-चार गिअरच्या गिअरबॉक्सला ० ते ३०० पीएसआय पुरतो, पण रिव्हर्समध्ये स्टॉलला (ब्रेक दाबून पूर्ण रेस दिल्यावर) तोही कधी कधी टोकाला जातो. म्हणून मी ० ते ४०० चा वापरतो. काचेत ग्लिसरीन भरलेला गेज मिळाला तर उत्तम, सुई कमी नाचते. एककांचा घोळ घालू नका: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल, आणि मिस्त्री ज्याला एक किलो म्हणतात तो १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२ पीएसआय. बार आणि किलो यांतला फरक दोन टक्क्यांचा, एकमेकांच्या जागी वापरले तरी चालतात.

नळी हायड्रॉलिकची हवी, गरम तेलाला टिकणारी, साधारण दोन मीटर. पाण्याची किंवा कंप्रेसरची साधी नळी चालणार नाही.

आता आटे. इथे भल्याभल्यांनी गिअरबॉक्सचा केस, म्हणजे बाहेरचं कवच, खराब केलाय. टेस्ट पोर्ट साधारण तीन प्रकारांत येतात आणि तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. अमेरिकन घडणीच्या बहुतेक गिअरबॉक्सना १/८ इंची एनपीटी, हा निमुळता आटा, इंचाला २७, बाहेरचा व्यास सुमारे १०.३ मिलिमीटर. जपानी घडणीच्या अनेकांना १/८ बीएसपीटी, हाही निमुळता, पण इंचाला २८ आणि व्यास ९.७ च्या आसपास. आणि अनेक युरोपियन गिअरबॉक्सना एम१० बाय १, हा सरळ आटा, सील होतं ते वायसरवर किंवा ओ-रिंगवर. १०.३ आणि १० मधला फरक हाताला कळत नाही. एनपीटीचा अडॅप्टर मेट्रिक भोकात दीड-दोन फेरे सहज जातो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं बसला. ॲल्युमिनियमच्या केसला तडा जायला त्यापुढचा अर्धा फेरा पुरतो. म्हणून काढलेला प्लग हातात धरून त्याच्याशीच अडॅप्टर जुळवा: दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर आटा वेगळा आहे. अडॅप्टर हाताने निदान तीन फेरे मोकळा फिरला पाहिजे, पाना त्यानंतर.

निमुळत्या आट्याला टेफ्लॉन टेप लावायची असेल तर पहिले दोन आटे कोरे सोडा. टेपचा तुकडा आत गेला की व्हॉल्व्ह बॉडीतल्या एखाद्या बारीक भोकात जाऊन बसतो आणि मग जो बिघाड शोधायला आलात त्याच्या जोडीला दुसरा मिळतो.

पोर्ट शोधणं आणि जोडणी

लाइन प्रेशरचा पोर्ट कुठे आहे ते मॅन्युअलच्या चित्रातच पाहावं. केसवर एकसारखे दिसणारे पाच-सहा प्लग असू शकतात. त्यांतले काही एकेका क्लचचे, एखादा थ्रॉटल प्रेशरचा, एखादा कूलरच्या वाटेवरचा. चुकीचा उघडला तर आकडा चुकीचाच येणार. अंदाजाने जावंच लागलं तर, लिव्हरची दांडी केसमध्ये जिथे शिरते त्याच्या आसपास लाइन प्रेशरचा पोर्ट सापडण्याची शक्यता जास्त असते, पण तो अंदाजच.

गाडी वर घ्यायची असेल तर जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. इंजिन बंद. प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढून, मग फडक्याने आणि स्प्रेने साफ करा. एक कण आत गेला तरी महागात पडतो. खाली ट्रे ठेवून प्लग काढा, थोडं तेल येईल. गाडी नुकतीच चालून आली असेल तर हेच तेल त्वचा भाजण्याइतकं गरम असतं. हातमोजे आणि चष्मा घाला, अगदी घाईत असलात तरी.

अडॅप्टर बसवा, नळी जोडा, आणि सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, चाक यांच्यापासून दूर नेत वर आणा. नळी दोन ठिकाणी बांधून टाका. गेज वायपरखाली काचेवर बाहेरून अडकवा, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवरून समोर दिसतो. तो केबिनमध्ये, मांडीवर घेऊन बसणारे असतात. जोड सुटला तर २०० पीएसआयचं गरम तेल कुठे जाईल, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

इंजिन चालू करून अर्धं मिनिट फक्त गळती बघा. मग पुढे.

आकडे घेताना

तेल ७० ते ८० अंशांवर आणा, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून. नुसतं उभं ठेवून इंजिन तापतं, गिअरबॉक्स तेवढा तापत नाही. तापमान स्कॅनरवर बघितलेलं बरं. चेंबरला बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर तो खऱ्यापेक्षा कमीच दाखवतो.

तापमानावर मी एवढा अडून का बसतो? जुन्या पिढीच्या एटीएफची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची) व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, ४० अंशांना साधारण ३४ सेंटिस्टोक आणि १०० अंशांना ७ च्या आसपास असते. म्हणजे तेल पाचपट पातळ होतं. थंड, जाड तेल झिजलेल्या पंपातून आणि कडक झालेल्या सीलमधूनही फारसं निसटत नाही, म्हणून थंड असताना सगळं छान दिसतं. जमेल तेव्हा मी दोनदा मोजतो, सकाळी पहिल्यांदा इंजिन लावल्यावर आणि नंतर पूर्ण गरम झाल्यावर. दोन्हींतला फरक मोठा असेल तर आत कुठेतरी गळती आहे, हे गिअरबॉक्स न खोलता कळतं.

आता हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, ब्रेक पूर्ण दाबून लिव्हर एकेका जागी न्या. प्रत्येक ठिकाणी सुई स्थिर व्हायला पाच सेकंद द्या आणि लिहा. वहीत ते असं दिसतं (दाब किलोमध्ये; २ आणि एल या लिव्हरच्या खालच्या गिअरच्या जागा):

७८ अंश, ७५० आरपीएम
पी ४.४, आर ६.८, एन ४.४, डी ४.३, २ ४.३, एल ४.४

हे एका धडधाकट जुन्या गिअरबॉक्सचं चित्र आहे. रिव्हर्सचा आकडा वर आहे, तो दोष नाही. रिव्हर्समध्ये क्लच आणि बँडवर टॉर्क जास्त येतो, म्हणून रेग्युलेटरच्या शेपटीला रिव्हर्सचं तेल देऊन दाब मुद्दाम वाढवलेला असतो. उलट रिव्हर्स आणि डी सारखेच दिसले तर शंका घ्यायची.

यानंतर पुन्हा प्रत्येक जागी १००० ते १२०० आरपीएमपर्यंत हलकी रेस देऊन बघा, ब्रेक तसाच दाबलेला. अनेक जण हा टप्पा गाळतात आणि थेट स्टॉलवर जातात. मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. आयडलला पंप जेमतेम पुरवठा करत असतो, त्यामुळे गळती असेल तर आयडलला उघडी पडते, रेस दिली की झाकली जाते. आयडलला डी मध्ये ३.१ आणि हजाराला एकदम ४.६ झालं, तर पंपात दम आहे पण तेल कुठेतरी वाया जातंय.

लिव्हर एन मधून डी आणि एन मधून आर मध्ये टाकल्यावर झटका जाणवेपर्यंत किती वेळ लागतो, तेही घड्याळाने मोजा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये डी साठी १.२ सेकंदांपेक्षा कमी आणि आर साठी १.५ सेकंदांपेक्षा कमी असा निकष असतो. इतर बहुतेक गाड्यांनाही ढोबळमानाने तो चालतो.

स्टॉल टेस्ट, करायचीच असेल तर

सगळ्यात वरचा दाब बघायला ब्रेक पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबतात. इंजिन कन्व्हर्टरच्या अडथळ्यापर्यंत फिरतं आणि तिथेच थांबतं. ही परीक्षा गाडीची तशी ब्रेकचीही असते, म्हणून समोर किंवा मागे कुणी उभं राहू द्यायचं नाही. मॅन्युअलने स्टॉल टेस्टला मनाई केली असेल तर करायची नाही. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर कंप्युटर इंजिनाची ताकदच कापतो. तिथे या आकड्याला अर्थ उरत नाही.

ॲक्सिलरेटर पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवायचा नाही. ही मर्यादा कुठून आली, तेही बघा. इंजिनाची ताकद चाकांकडे जात नाही, म्हणजे सगळी कन्व्हर्टरमध्ये उष्णता होते. ४० किलोवॅट धरले तर पाच सेकंदांत २०० किलोज्यूल. कन्व्हर्टरमध्ये तीन किलो तेल असलं आणि सगळी उष्णता त्यातच गेली असं मानलं, तर ते तेवढ्यात तीसेक अंशांनी तापतं. पंधरा सेकंद दाबून ठेवणाऱ्याने तेल करपलं अशी तक्रार करू नये. प्रत्येक वेळेनंतर लिव्हर एन मध्ये टाकून हजाराच्या आसपास रेस देत निदान एक-दोन मिनिटं तेल फिरू द्या.

आरपीएम नेमलेल्या मर्यादेच्या वर पळायला लागला तर त्याच क्षणी पाय उचला. आत काहीतरी स्लिप होतंय.

जुन्या तीन-चार गिअरच्या गिअरबॉक्सांत आकडे ढोबळमानाने असे असतात: डी आयडल ४ ते ६ किलो, आर आयडल ६ ते ९, डी स्टॉल ९ ते १३, आर स्टॉल १३ ते २०. सहा-आठ गिअरच्या नव्या गिअरबॉक्सांचे आकडे वेगळे असतात. आपल्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमधलाच, हे आकडे फक्त आपण भलत्याच पोर्टवर तर नाही ना, हे कळण्यापुरते.

कोणता आकडा काय म्हणतो

सगळ्या जागी दाब कमी असेल तर बिघाड सामाईक वाटेवर आहे. स्वस्तापासून सुरुवात करा: लेव्हल, केबल, मग फिल्टर आणि त्याचं सील. फिल्टर बदलताना जुनं सील भोकातच चिकटून राहतं आणि नव्या फिल्टरबरोबर दुसरं सील वर चढतं, हा इतका नेहमीचा प्रकार आहे की मी आता टॉर्च मारून भोक पाहिल्याशिवाय नवा फिल्टर बसवतच नाही. हे सगळं ठीक निघालं तर सोलेनॉइड, रेग्युलेटर व्हॉल्व्ह आणि त्याचं झिजलेलं भोक, आणि शेवटी पंप. पंप शेवटी, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

एकाच जागी कमी असेल तर त्या गिअरच्या क्लचमधून किंवा सर्व्होतून (बँड आवळणाऱ्या पिस्टनमधून) तेल गळतंय. इथे कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो त्याचा तक्ता समोर हवा. जुन्या तीन-गिअरवाल्या सिम्पसन रचनेचं उदाहरण घ्या. फॉरवर्ड क्लच पुढच्या सगळ्या गिअरना लागतो. डायरेक्ट क्लच तिसऱ्याला आणि रिव्हर्सला. लो-रिव्हर्स बँड लिव्हर एल वर असताना पहिल्याला आणि रिव्हर्सला. आता रिव्हर्सला दाब कमी आणि एल ला चांगला, तर बँडचा सर्व्हो निर्दोष ठरला आणि डायरेक्ट क्लचवर संशय आला. गाडी चालवून तिसऱ्यातही दाब पडतोय का बघितलं की खात्री. रिव्हर्स आणि एल दोन्हीकडे कमी, तर लो-रिव्हर्स. पुढे सगळीकडे कमी आणि रिव्हर्स ठणठणीत, तर फॉरवर्ड क्लचचं सील. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसलं की बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी सापडतं.

आयडललाच दाब जास्त असेल आणि गिअर पडताना झटके बसत असतील तर केबल, व्हॅक्यूम, सोलेनॉइडची वायरिंग किंवा अडकलेला रेग्युलेटर. दाब आयडलला बरोबर पण रेस दिल्यावर जागचा हलत नाही, तर लोडची खबर रेग्युलेटरपर्यंत पोहोचत नाही. केबल, थ्रॉटल व्हॉल्व्ह, सोलेनॉइड याच वाटेवर शोधा.

सुईची थरथर वेगळी वाचावी लागते. बारीक, वेगवान कंप पंपाच्या दातांचा असतो, त्याला काही होत नाही. मोठी, अनियमित थरथर आणि सोबत खालून घुंईं असा आवाज, म्हणजे हवा. सुई सावकाश, लयीत वर-खाली होत असेल तर रेग्युलेटर व्हॉल्व्ह आपल्या भोकात अडखळतोय.

आणि सगळे आकडे बरोबर, तरी गाडी स्लिप होतेय? मग दाब दोषी नाही. स्टॉलला आरपीएम जास्त जात असेल तर प्लेटी संपल्या, कमी जात असेल तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टरच्या आतला एकदिशा क्लच गेलेला.

सोलेनॉइड की पंप

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये दाब कमी दिसला तर कंप्युटरने कमी मागितला की गिअरबॉक्सला देता आला नाही, हा प्रश्न उरतो. त्यावर एक सोपी युक्ती आहे. बहुतेक रचनांत प्रेशर सोलेनॉइडचा करंट तुटला की दाब सर्वांत वर जातो, म्हणजे वायर तुटली तरी क्लच जळू नयेत. जीएमच्या फोर-एल-सिक्स्टी-ई मध्ये १.१ अँपिअरला दाब सर्वांत कमी आणि शून्याजवळ सर्वांत जास्त. इंजिन बंद करून गिअरबॉक्सचा कनेक्टर काढा, इंजिन लावा आणि सुई बघा. दाब उसळून वर गेला तर पंप आणि रेग्युलेटर ठीक, दोष वायरिंग, सोलेनॉइड किंवा कंप्युटरकडे. हललाच नाही, तर दोष यंत्रात आहे, वायरी चाचपत बसू नका. आपल्या गिअरबॉक्सचा सोलेनॉइड याच जातीचा आहे ना, हे मात्र आधी पाहून घ्या. नंतर कोड पुसावे लागतात. स्कॅनरवरून दाब पायरीपायरीने वाढवायची सोय असेल तर मी कनेक्टर काढतही नाही. हुकूम केलेला आकडा आणि गेजवरचा आकडा शेजारी लिहीत गेलं की कुठल्या पायरीला दोघांची फारकत झाली ते दिसतं.

परत बांधताना

इंजिन बंद करून गिअरबॉक्स थोडा निवू द्या, मग नळी काढा. प्लगचे आटे पुसून, वायसर किंवा ओ-रिंग असेल तर नवी घालून, हाताने सुरू करा. एवढ्याशा प्लगला बहुतेक मॅन्युअल दहा न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क सांगतात, म्हणजे लहान पाना आणि मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. सांडलेलं तेल मोजून तेवढंच, त्याच ग्रेडचं भरा आणि लेव्हल पुन्हा गरम असताना बघा. प्लगच्या आसपासचा भाग कोरडा पुसून गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर लाल ठिपका दिसला तर प्लग अजून पाव फेरा मागू शकतो. मागितला तरी आधी आटा उजेडाकडे धरून पाहा.